लूपबॅकला दिला /२४ आणि शेजारच्या राऊटरला दिसतोय /३२, असं का होतं आणि काय करायचं

रविवारी सकाळी मिसळ खाऊन घरी आलो, जिभेवरची तर्री अजून उतरली नव्हती तेवढ्यात सिन्नरच्या एका पोराचा फोन. पोरगा सातपूरला कंपनीत आयटी सपोर्टला आहे, रात्री घरी लॅब लावून सीसीएनएचा (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) अभ्यास करतो. म्हणे "दादा, लूपबॅकला २५५.२५५.२५५.० मास्क दिलाय, तीनदा चेक केलं, तरी पलीकडच्या राऊटरवर /३२ येतंय. माझं कुठं चुकतंय?" म्हटलं तुझं काहीच चुकत नाहीये, तो ओएसपीएफचा स्वभाव आहे. (ओएसपीएफ म्हणजे राऊटरने एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल, लूपबॅक म्हणजे राऊटरमधला केबल नसलेला, सॉफ्टवेअरमधला इंटरफेस, /२४ म्हणजे २५५.२५५.२५५.० मास्क, २५६ पत्त्यांचं नेटवर्क, आणि /३२ म्हणजे एकच पत्ता.) पण त्याने तोपर्यंत दोन रात्री घालवल्या होत्या, वाइल्डकार्ड मास्क (उलटा लिहिलेला मास्क) बदलून बघितला, राऊटर पुसून परत कॉन्फिगर केला, आयओएसची, म्हणजे सिस्को राऊटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची, इमेज पण बदलली. हा प्रश्न मला सारखा कोणी ना कोणी विचारतंच म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आधीच सांगतो, कमांड मी इथे मराठी अक्षरात लिहितोय, राऊटरवर टाकताना अर्थातच इंग्रजीत टाकायच्या. आकड्यांचंही तसंच. आणि जे सांगतोय ते सिस्को आयओएस धरून, दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर कमांड वेगळ्या असतील पण मूळ नियम तोच.

लॅब अशी लावा. तीन राऊटर घ्या, जीएनएस३ मध्ये घ्या नाहीतर पॅकेट ट्रेसरमध्ये (दोन्ही कॉम्प्युटरवर राऊटरची लॅब लावायचे प्रोग्रॅम), नावं मी पंचवटी, सातपूर आणि सिन्नर अशी ठेवतो, सरळ एका ओळीत. पंचवटी ते सातपूर लिंक १९२.१६८.१२.०/३०, सातपूर ते सिन्नर १९२.१६८.२३.०/३०, दोन्ही गिगाबिट. प्रत्येकावर एक लूपबॅक ०, पंचवटीला १०.१.१.१/२४, सातपूरला १०.२.२.२/२४, सिन्नरला १०.३.३.३/२४. लिंकला १९२ आणि लूपबॅकला १० ची रेंज मी मुद्दाम दिलीय, त्यातली गंमत पुढे ईआयजीआरपी या सिस्कोच्या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या वेळी कळेल.

आता पंचवटीवर ओएसपीएफ चालू करा:

राऊटर ओएसपीएफ १
नेटवर्क १०.१.१.० ०.०.०.२५५ एरिया ०
नेटवर्क १९२.१६८.१२.० ०.०.०.३ एरिया ०

बाकी दोघांवर पण त्यांच्या त्यांच्या पत्त्यांनी हेच. नेबर फुल झाले, म्हणजे शेजारचे राऊटर पूर्ण जोडले गेले, की सातपूरवर जाऊन शो आयपी रूट ओएसपीएफ मारा. तिथे १०.१.१.१/३२ असा रूट दिसेल, पुढे ११०/२, म्हणजे ११० ही ओएसपीएफची डिस्टन्स (रूटवरच्या भरवशाचा आकडा, कमी तो वरचढ) आणि २ ही कॉस्ट (रस्त्याची किंमत), एक लिंकची आणि एक लूपबॅकची. १०.१.१.०/२४ कुठेच नाही.

इथे बहुतेक सगळे दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे लोक नेटवर्क कमांडच्या वाइल्डकार्डवर संशय घेतात. ती कमांड फक्त एवढंच ठरवते की कुठल्या इंटरफेसवर ओएसपीएफ चालू करायचं, बाहेर कुठला मास्क सांगायचा याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. तिथे ०.०.०.२५५ टाका, १०.१.१.१ ०.०.०.० टाका, नाहीतर आख्खं ०.०.०.० २५५.२५५.२५५.२५५ टाका, पलीकडे /३२ च जाणार. दुसरं म्हणजे खुद्द पंचवटीवर शो आयपी रूट मारला की तिथे १०.१.१.०/२४ समोर सी (कनेक्टेड, थेट जोडलेलं) आणि १०.१.१.१/३२ समोर एल असे दोन रूट दिसतात, आणि पोरं म्हणतात बघा हाच एलवाला /३२ ओएसपीएफने उचलला. नाही. तो एल म्हणजे लोकल रूट, आयओएस १५ पासून प्रत्येक आयपी दिलेल्या इंटरफेससाठी दिसतो, गिगाबिटला पण दिसतो, आणि गिगाबिटचा काही /३२ जात नाही ना पलीकडे, /३० च जातो.

मग खरं कारण काय? ओएसपीएफ व्हर्जन २ चा नियम आरएफसी २३२८ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा कागद), जॉन मॉयने लिहिलेला, एप्रिल १९९८. त्यात स्पष्ट लिहिलंय की इंटरफेस लूपबॅक स्टेटमध्ये असेल तर तो राऊटर एलएसएमध्ये (राऊटर स्वतःबद्दल सगळ्यांना पाठवतो ती माहिती) स्टब नेटवर्क, म्हणजे पुढे रस्ता नसलेलं नेटवर्क, म्हणून टाकायचा, लिंक आयडी म्हणजे त्या इंटरफेसचा आयपी, आणि मास्क सगळे बिट एक, म्हणजे २५५.२५५.२५५.२५५. तुम्ही कॉन्फिगमध्ये काय मास्क दिलाय हे तिथे विचारलंच जात नाही. त्या आरएफसीत कॉस्ट ० सांगितलीय, सिस्को १ दाखवतं, तेवढा फरक.

आणि गंमत अशी की त्या नियमातला लूपबॅक हा आपला सॉफ्टवेअरमधला लूपबॅक डोळ्यासमोर ठेवून लिहिल्यासारखा वाटतच नाही. ज्यांनी लीज लाइनचे दिवस बघितलेत त्यांना आठवेल, लाइन डाऊन झाली की एक्स्चेंजमधून फोन यायचा, मोडेमला लूप टाका, मग ते तिकडून टेस्ट करायचे की बिट एरर येतायत का. तो लूप. आरएफसीचं म्हणणं असं की लाइनला लूप टाकलाय, नेहमीचा ट्रॅफिक तिच्यावरून जाणार नाही, पण टेस्टिंगसाठी त्या इंटरफेसच्या आयपीपर्यंत पिंग पोचायला हवा, म्हणून फक्त तेवढा एकच पत्ता जगाला सांगा, मागचं आख्खं नेटवर्क नको. आपला व्हर्च्युअल लूपबॅक त्याच नियमात बसवला गेला.

आणि विचार केला तर बरोबरच आहे की. लूपबॅकच्या मागे दुसरं कोण राहतंय? पत्ता एकच आहे. नाशिकच्या गोदाघाटाचंच उदाहरण घ्या, ओएसपीएफ म्हणतं दुतोंड्या मारुती इथे आहे, बास, आख्खा गोदाघाट माझ्याकडे आहे असं खोटं कशाला सांगू. /२४ सांगितला तर बाकीच्या २५३ पत्त्यांचा ट्रॅफिकही पंचवटीकडे येणार, आणि तिथे येऊन मरणार, कारण लूपबॅकवर गेलेलं पण लूपबॅकच्या आयपीचं नसलेलं पॅकेट सिस्को टाकून देतं, नल इंटरफेससारखंच, जो आलेलं पॅकेट गिळूनच टाकतो.

डोळ्याने बघायचं असेल तर पंचवटीवर शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस लूपबॅक ० मारा. नेटवर्क टाइप लूपबॅक असं दिसेल आणि खाली एक ओळ असेल की लूपबॅक इंटरफेसला स्टब होस्ट धरलंय. मग सातपूरवर शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राऊटर मारून पंचवटीचा एलएसए उघडा, त्यात स्टब नेटवर्कखाली १०.१.१.१ आणि मास्क २५५.२५५.२५५.२५५. म्हणजे मास्क वाटेत कुठे हरवला नाही, निघतानाच तसा निघाला.

आता खरा मास्क पाठवायचाच असेल तर पंचवटीवर:

इंटरफेस लूपबॅक ०
आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट

झालं. क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस वगैरे काही मारायची गरज नाही, नवा एलएसए लगेच निघतो आणि सातपूरवर १०.१.१.०/२४ दिसायला लागतो. नावात पॉइंट-टू-पॉइंट आहे म्हणून घाबरू नका, लूपबॅकवर कोणी नेबर शोधायला येत नाही, आपण फक्त ओएसपीएफला सांगतोय की याला लूपबॅक टाइप धरू नकोस, साध्या इंटरफेससारखं वागव आणि मास्क जसा आहे तसा लिही. ही कमांड ज्या राऊटरचा लूपबॅक आहे त्याच्यावरच टाकायची. आमच्या सिन्नरवाल्याने पहिल्यांदा ती जिथे /३२ दिसत होता त्या सातपूरवर टाकली आणि परत फोन केला की चालत नाही दादा.

दुसरे दोन रस्ते पण आहेत. एक म्हणजे लूपबॅकला नेटवर्क कमांडमधून काढायचं आणि रिडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड सबनेट्स मारायचं, म्हणजे थेट जोडलेले रूट बाहेरून ओएसपीएफमध्ये ओतायचे. मग तो /२४ च जातो, पण ओ ई२ म्हणून, एक्सटर्नल रूट, मेट्रिक २०. जुन्या आयओएसवर सबनेट्स हा शब्द विसरलात तर १०.१.१.० जाणारच नाही, कारण त्याशिवाय फक्त क्लासफुल नेटवर्क, म्हणजे जुन्या ए-बी-सी क्लासच्या मास्कची, उचलली जातात. हा रस्ता मला आवडत नाही, एका लूपबॅकसाठी आख्खे कनेक्टेड रूट ओतायचे म्हणजे ढेकणासाठी गादी जाळण्यातला प्रकार, आणि करायचंच असेल तर रूट मॅप (हवे तेवढेच रूट निवडायचा फिल्टर) लावा. दुसरा रस्ता, लूपबॅक वेगळ्या एरियात असेल तर एबीआरवर (दोन एरियांच्या सीमेवरचा राऊटर) एरिया रेंज लावून /२४ ची समरी करायची. मोठ्या नेटवर्कमध्ये हे ठीक, तीन राऊटरच्या लॅबमध्ये उगाच.

आता बाकीचे प्रोटोकॉल. त्याच लॅबमध्ये ओएसपीएफ काढून ईआयजीआरपी लावा. नव्या आयओएसवर काही कौतुक नाही, १०.१.१.०/२४ दिला, १०.१.१.०/२४ गेला, लूपबॅक आहे का फिजिकल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण बऱ्याच जणांकडे अजून १२.४ ची इमेज असते, भंगारात घेतलेले २६०० नाहीतर ३६०० सिरीजचे राऊटर असतात, तिथे मजा. तिथे ऑटो समरी आपोआप चालू असते. १० ची नेटवर्क १९२ च्या लिंकवरून बाहेर पडताना राऊटर तिचं क्लासफुल पुडकं बांधतो, १०.०.०.०/८, आणि स्वतःकडे त्याच /८ चा एक रूट नल ० कडे टाकतो ज्याची डिस्टन्स ५ असते. आता बघा काय होतं. पंचवटी म्हणते /८ माझ्याकडे, सिन्नर म्हणतं /८ माझ्याकडे, आणि सातपूरकडे स्वतःचा /८ नल ० वर आहे तो ५ वाला, शेजाऱ्यांकडून आलेला ९० वाला त्याच्यापुढे हरतो. सातपूरवरून १०.१.१.१ ला पिंग मारला की पॅकेट थेट खड्ड्यात. नेबर सगळे अप, आणि पिंग नाही. उपाय सोपा, तिन्ही राऊटरवर ईआयजीआरपीच्या आत नो ऑटो समरी. आयओएस १५ पासून हे आधीच बंद असतं म्हणून नव्या पोरांना हा अनुभव मिळत नाही, पण मी म्हणतो एकदा मुद्दाम ऑटो समरी चालू करून बघाच, समजतं पटकन.

रिप या जुन्या प्रोटोकॉलचं थोडक्यात. व्हर्जन १, आरएफसी १०५८, १९८८ सालचा, त्याच्या अपडेटमध्ये मास्क लिहायला जागाच नाही. पंचवटीने पाठवलं की समोरचा १०.०.०.० बघतो आणि क्लास ए म्हणून /८ धरतो. व्हर्जन २ मध्ये मास्क जातो पण सिस्कोवर तिथेही ऑटो समरी आपोआप चालू, तेव्हा व्हर्जन २ आणि नो ऑटो समरी या दोन ओळी जोडीनेच टाकायच्या अशी सवय लावून घ्या. आयएस-आयएस हा आणखी एक प्रोटोकॉल सरळमार्गी आहे, दिलेला मास्क तसाच सांगतो, लूपबॅक पॅसिव्ह केला तरी.

बीजीपीत, म्हणजे इंटरनेटवरच्या मोठमोठ्या नेटवर्कमधल्या प्रोटोकॉलमध्ये, मात्र वेगळीच भानगड. बीजीपीची नेटवर्क कमांड इंटरफेस बघत नाही, राऊटिंग टेबल बघते, आणि तिथे नेटवर्क आणि मास्क तंतोतंत जुळला तरच रूट जाहीर करते. पंचवटीवर नेटवर्क १०.१.१.० मास्क २५५.२५५.२५५.० टाकलं तर चालेल कारण तिथे सी वाला /२४ आहे. पण तीच ओळ तुम्ही सातपूरवर टाकली, म्हणजे पंचवटीचा लूपबॅक सातपूरवरून बाहेर सांगायचाय, तर काहीच होणार नाही, एरर पण येणार नाही, कारण सातपूरच्या टेबलात /३२ पडलाय, /२४ नाही. तसंच प्रीफिक्स लिस्टचं, म्हणजे रूट गाळायच्या यादीचं. परमिट १०.१.१.०/२४ एवढंच लिहिलं असेल तर १०.१.१.१/३२ त्यात बसत नाही, पुढे एलई ३२ लावावं लागतं. फिल्टर लिहिताना लोक आपल्या डोक्यातला मास्क लिहितात, आणि फिल्टरला दिसतो टेबलातला.

आता तुम्ही म्हणाल पिंग तर चालतोय, /३२ असो का /२४, काय फरक पडतो. साध्या ओएसपीएफमध्ये खरंच पडत नाही. पण एमपीएलएस, म्हणजे पत्त्याऐवजी लेबल बघून पॅकेट पुढे ढकलायची पद्धत, आलं की पडतो, आणि हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी एका छोट्या आयएसपीचं काम होतं, तीन राऊटर, अगदी वरच्या लॅबसारखेच, दोन टोकाला पीई (ज्यांना कस्टमर जोडलेले असतात) आणि मध्ये पी (आयएसपीचा आतला राऊटर). लूपबॅक मीच कॉन्फिगर केले होते आणि हाताला सवय म्हणून /२४ देऊन बसलो. रात्री अकराला कटओव्हर. ओएसपीएफ फुल, एलडीपी (लेबल वाटणारा प्रोटोकॉल) अप, बीजीपी व्हीपीएनव्ही४ (कस्टमरचे रूट नेणारं) अप, कस्टमरचे रूट दोन्हीकडे दिसतायत, लूपबॅक ते लूपबॅक पिंग झकास, आणि कस्टमरचा ट्रॅफिक शून्य. दीड वाजेपर्यंत व्हीआरएफ (कस्टमरचं वेगळं राऊटिंग टेबल), रूट टार्गेट, केबल सगळं उलटंपालटं करून झालं. कस्टमरचा माणूस समोर बसून जांभया देतोय.

झालं होतं असं. लॅबच्या नावांनी सांगतो. सिन्नरच्या स्वतःच्या टेबलात लूपबॅक १०.३.३.०/२४ म्हणून आहे, म्हणून एलडीपीने लेबल /२४ साठी जाहीर केलं. पण सातपूरला ओएसपीएफने सांगितलं १०.३.३.३/३२. सातपूर बघतो की माझ्याकडे रूट /३२ चा आहे आणि सिन्नरने /३२ साठी लेबलच दिलेलं नाही, लेबल आहे ते /२४ चं, जो माझ्या टेबलात नाही. दोघं एकाच पत्त्याबद्दल बोलतायत पण मास्क वेगळा म्हणून एलडीपीच्या लेखी दोन वेगळी माणसं. लेबलचा रस्ता सातपूरला तुटला. साधा पिंग आयपीवर जातो म्हणून तो चालतो, व्हीपीएनचं पॅकेट आतल्या लेबलवर अवलंबून म्हणून ते मधल्या राऊटरवर मरतं, कारण मधल्याला कस्टमरचे रूट माहीतच नसतात.

ओळखायचं कसं, तर मधल्या राऊटरवर शो एमपीएलएस फॉरवर्डिंग टेबल मारा आणि पलीकडच्या पीईच्या लूपबॅकची ओळ बघा. बाहेरच्या लेबलच्या जागी पॉप लेबल दिसायला हवं. नो लेबल दिसलं, जुन्या आयओएसवर अनटॅग्ड, की पहिला संशय मास्कवर घ्या. व्हीआरएफला नंतर हात लावा.

यावर उपाय दोन, एकतर लूपबॅकवर ते पॉइंट-टू-पॉइंट टाकायचं म्हणजे दोन्हीकडे /२४ होईल, नाहीतर लूपबॅकलाच /३२ द्यायचा म्हणजे दोन्हीकडे /३२. माझं मत विचाराल तर चालत्या नेटवर्कमध्ये लूपबॅक /३२ च ठेवा, डोळे झाकून. राऊटर आयडी, बीजीपी पीअरिंग, एसएसएच, मॉनिटरिंग, सगळ्यांना एकच पत्ता लागतो. १०.२५५.०.०/२४ असा एक तुकडा बाजूला काढला तर त्यात २५६ राऊटरचे लूपबॅक बसतात, नाशिकमधल्या बऱ्याच कंपन्यांना दोन पिढ्या पुरेल. प्रत्येक राऊटरला /२४ देणं म्हणजे एका माणसाला आख्खी चाळ भाड्याने देणं. पॉइंट-टू-पॉइंटवाली कमांड लॅबसाठी ठीक, जिथे लॅनची सोय नाही म्हणून आपण लूपबॅकलाच ऑफिसचं लॅन समजतो आणि समरी कशी होते ते बघायचं असतं, तिथे /२४ दिसला पाहिजे. परीक्षेतही हे विचारतात, प्रश्नात लूपबॅकचा पूर्ण सबनेट दिसायला हवा असं लिहिलं असेल तर हीच कमांड हवीय समजा.

आयपीव्ही६ वाल्यांना एका ओळीत, ओएसपीएफ व्हर्जन ३ मध्येही तेच, लूपबॅकला /६४ दिला तरी /१२८ जातो, आणि आयपीव्ही६ ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट टाकलं की /६४.

राहिलं एकच. चालू राऊटरवर लूपबॅकचा मास्क /२४ चा /३२ करताना तो आयपी क्षणभर निघून परत बसतो, त्यावर उभी असलेली बीजीपी आणि एलडीपीची सेशन पडू शकतात, आणि तुम्ही स्वतः त्याच लूपबॅकवर एसएसएचने घुसला असाल तर तुमचंही. म्हणून लिंकच्या आयपीवरून आत जा, मी त्या रात्री १९२ वाल्या पत्त्यावरून गेलो, आणि शक्य असेल तर आधी रीलोड इन १० लावून ठेवा म्हणजे हात तुटला तरी दहा मिनिटांनी राऊटर जुन्या कॉन्फिगवर परत येतो, पण मधे राइट मेमरी मारू नका. सगळं सुरळीत दिसलं की रीलोड कॅन्सल विसरायचं नाही. मी विसरलो होतो. सगळं चालू झालं, कस्टमरचा माणूस खूश, आम्ही सामान आवरून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत पोचलो चहाला, आणि राऊटर वेळेवर रीलोड होऊन परत /२४ वर.